गाडी चार्जिंगला लावता किती वाजता?

विजेवरच्या गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट हिरव्या नंबरप्लेटकडे बोट दाखवून म्हणतो, हिला सायलेन्सरच नाही, मग प्रदूषण कसलं? दुसरा म्हणतो, वीज काय झाडाला लागते? चंद्रपुरात कोळसाच जळतोय ना, म्हणजे पुण्यातला धूर उचलून चंद्रपुरात नेऊन सोडला, एवढंच. सोसायटीच्या ग्रुपवर हा वाद दर महिन्याला नव्याने पेटतो आणि कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकेपर्यंत चालतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण गाडी चार्जिंगला लावली किती वाजता, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझ्या मते हाच मुख्य प्रश्न आहे, आणि तो एकट्या गाडीमालकाचा नाही. सरकार या गाड्यांना करात सूट देतं, अटल सेतू, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ करतं. हा सगळा पैसा सार्वजनिक आहे. तो ज्या हवेच्या नावाने खर्च होतो, ती हवा खरोखर किती सुधारते हे गाडीच्या जातीवर जितकं ठरतं, त्याहून जास्त ती कोणत्या विजेवर धावते यावर ठरतं. आणि सध्याच्या धोरणाला त्या विजेशी फारसं देणंघेणं नाही.

आधी हिशेब मांडू. तो कुणालाही कागदावर करता येतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसता 'कार्बन') बाहेर पडतो. खनिज तेल काढणं, जहाजातून आणणं, शुद्ध करणं, टँकरने पंपावर पोचवणं हे सगळं धरलं तर पावणेतीन किलोच्या आसपास. मध्यम आकाराची गाडी शहरात-हायवेवर मिळून लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा. म्हणजे किलोमीटरमागे १८० ते १८५ ग्रॅम.

आता विजेची गाडी. देशातली सगळी वीज केंद्रं जोडणाऱ्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, एका युनिटमागे सरासरी किती कार्बन सुटतो याचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. गेल्या काही वर्षांत तो युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास घोटाळतो आहे. बॅटरीत एक युनिट उतरायचं तर तारांमधली गळती आणि चार्जिंगमधली उष्णता धरून वीज केंद्रात सव्वा युनिट तरी तयार करावं लागतं. म्हणजे बॅटरीतल्या एका युनिटमागे ०.९ किलो. त्या युनिटवर एसी लावून गाडी साडेसहा किलोमीटर जाते असं धरलं, तर किलोमीटरमागे १४० ग्रॅम. पेट्रोलपेक्षा पाव हिश्श्याने कमी. वाईट नाही, पण जाहिरातीतल्या हिरव्या डोंगरांइतकं चांगलंही नाही.

आणि तीच वीज निव्वळ कोळशाची असेल तर? कोळशाचं केंद्र युनिटमागे एक किलोच्या जवळपास कार्बन सोडतं. मग किलोमीटरमागे १९० ग्रॅम होतात. पेट्रोलइतकेच, कदाचित चार-पाच ग्रॅम जास्तच. दुसऱ्या तटाला इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण तीच गाडी सूर्याच्या विजेवर चालली, तर पॅनेल बनवण्याचा कार्बन धरूनही आकडा दहा-पंधरा ग्रॅमवर येतो. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. फरक मात्र दहा पटींहून जास्त.

यात अजून बॅटरी यायची आहे. ४० युनिटची बॅटरी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या पाठीवर साधारण तीन टन कार्बनचं कर्ज असतं. आपल्याकडच्या बहुतेक बॅटऱ्यांचे सेल चीनमधून येतात आणि तिथलीही वीज मुख्यतः कोळशाचीच. ग्रिडच्या सरासरी विजेवर गाडी चालवली तर हे कर्ज फिटायला ७० हजार किलोमीटर लागतात. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या घरगुती गाडीला म्हणजे सहा-सात वर्षं. सूर्याच्या विजेवर १७-१८ हजार किलोमीटरमध्ये, दीड वर्षात, ते फिटतं. आणि रोज कोळशावरच चालवली तर ते फिटतच नाही.

नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. त्यांच्याकडची वीज जवळजवळ सगळी पाण्याची. त्यामुळे तिथलं कौतुक तिथे योग्यच आहे. ते उचलून इथे आणताना मात्र आपल्याकडे धबधबे नाहीत, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, हे विसरून चालत नाही.

"पण आता भारताची निम्मी वीज हरित झाली ना?" असं कुणीतरी म्हणणारच. २०२५ च्या जुलैत सरकारने जाहीर केलं, की देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के आता कोळसा-गॅसव्यतिरिक्त स्रोतांची आहे. खरी गोष्ट आहे आणि अभिमानाची आहे. पण क्षमता आणि उत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी. शंभर मेगावॉटचं सौर केंद्र वर्षभराच्या सरासरीने वीस-पंचवीस मेगावॉट देतं, कारण रात्र असते आणि पावसाळाही असतो. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा कोळशाचाच आहे. बातमीचा मथळा क्षमतेचा असतो, गाडीत भरली जाते ती तयार झालेली वीज.

आता रात्री दहाची सोसायटी डोळ्यापुढे आणा. ऑफिसहून आलेल्या गाड्या पार्किंगमध्ये रांगेने लागल्यात, भिंतीवरच्या चार्जरचे दिवे लुकलुकतायत, वॉचमन केबल पायात येऊ नये म्हणून बाजूला सरकवतोय. यातल्या एका गाडीने आत्ता सात किलोवॉट ओढायला सुरुवात केली. ही जास्तीची वीज कोण देणार?

ऐरोलीला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. राज्यात कुठलं केंद्र किती चालवायचं हे तिथून मिनिटामिनिटाला ठरतं. तारापूरच्या अणुभट्ट्या एका लयीत चालतात, तुमच्या गाडीसाठी त्या वेग वाढवत नाहीत. कोयनेत १,९६० मेगावॉटचे संच आहेत आणि ते संध्याकाळच्या ओढीला धावून येतात, पण कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेचं विजेसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून ठेवलंय. आज रात्री तुमच्यासाठी सोडलेलं पाणी मे महिन्यात कमी पडणार. सूर्य मावळलेला. उरला कोळसा. रात्री दहाला वाढलेला भार चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ इथला नाहीतर परराज्यातला कोणतातरी कोळशाचा संच उचलतो. म्हणून सरासरीचा १४० ग्रॅमचा आकडा रात्रीच्या चार्जिंगला लावणं जरा उदारपणाचंच आहे. तिथला खरा आकडा १९० च्या बाजूला झुकतो.

इथे एखादा जाणकार मला अडवेल आणि ते रास्तच असेल. तो म्हणेल, दुपारी चार्ज केलं तरी काय? दुपारीही कोळशाचे संच चालूच असतात, फक्त सूर्याला जागा द्यायला त्यांचा भार कमी केलेला असतो. दुपारी एक युनिट जास्त मागितलं तर तोच संच थोडा वर येईल. आजच्या दिवसापुरतं पुष्कळदा हे खरं आहे. पण आता असेही दिवस येऊ लागलेत, की कोळशाचे संच आणखी खाली उतरवता येत नाहीत, तारांमध्ये जागा नसते किंवा मागणीच नसते, आणि सौर वीज चक्क वाया घालवावी लागते. २०२५ मध्ये राजस्थानात आणि इतरत्र हे घडलं. त्या तासाला गाडी लावली तर फुकट जाणारी वीज कामी येते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, विजेची मागणी फक्त आजचं उत्पादन ठरवत नाही, पुढच्या पाच-दहा वर्षांत कोणती केंद्रं बांधली जाणार तेही ठरवते. दुपारची मागणी वाढली तर पुढचं सौर केंद्र परवडतं. रात्रीची मागणी वाढली तर "संध्याकाळच्या ओढीला पर्याय नाही" असं म्हणत कोळशाचा पुढचा संच मंजूर होतो. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच आणायचे म्हणून मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा नागपूरच्या लोकांनी हवेचा आणि राखेचा प्रश्न काढला होता. त्या सुनावणीला पुण्या-मुंबईचा एकही गाडीवाला गेला असेल असं वाटत नाही. पण ती त्याच्याही गाडीची सुनावणी होती.

राखेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कार्बनच्या ग्रॅममध्ये ती दिसत नाही. आपला कोळसा राखेने भरलेला. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख हातात. एक युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ४० युनिटची बॅटरी कोळशाच्या विजेवर एकदा पूर्ण भरली, की तारांमधली गळती धरून ५० युनिटची निर्मिती, म्हणजे ३५ किलो कोळसा, म्हणजे दहा-बारा किलो राख. एका चार्जिंगमागे एक बादलीभर राख विदर्भात कुठेतरी जाऊन पडते. काही सिमेंटच्या कारखान्यांत जाते, काही विटांमध्ये, बाकीची पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात. १६ जुलै २०२२ रोजी, भर पावसात, कोराडी केंद्राच्या खसाळ्यातल्या राख तळ्याचा बांध फुटला. राखेचा लगदा शेतांत घुसला, नाल्यांतून नदीत उतरला. ज्या कन्हान नदीचं पाणी नागपूर शहर पितं, त्याच परिसरातली ही गोष्ट.

चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्य सरकारच्या कंपनीचं सर्वांत मोठं. भोवती खुल्या खाणी, सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच हा भाग देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत घातला. तिथल्या दुर्गापूर, ऊर्जानगरकडे गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी आधी झटकायचे आणि मग घडी करायची, ही सवय घराघरांत आहे. धुराड्यातून निघणारा गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केला. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच देऊन टाकली. मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांना २०२७ अखेरपर्यंतची मुदत आहे, आणि चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागांचा निर्णय एकेका केंद्रागणिक व्हायचा आहे.

विदर्भाने वीज करायची आणि राज्याने वापरायची, ही तक्रार जुनी आहे. विजेच्या गाडीने तिला नवा मुद्दा जोडला. आता पश्चिम महाराष्ट्रातला गाडीवाला तीच वीज वापरून वर पर्यावरणाचं प्रमाणपत्रही मिळवतो. पुण्याच्या चौकातली हवा नक्की सुधारते. डिझेलचा धूर, नायट्रोजनचे वायू कमी होतात, सिग्नलला उभ्या स्कूटरवाल्याला आणि ट्रॅफिक पोलिसाला याचा खरा फायदा होतो. तो मी जराही कमी लेखत नाही. फक्त त्या फायद्याची किंमत कुणाच्या गच्चीवर पडते हे उच्चारलं पाहिजे.

मग पेट्रोलच बरं, असा निष्कर्ष कुणी काढेल, तर तो चुकीचा आहे. आज घेतलेली पेट्रोल गाडी पंधरा वर्षं तेवढाच धूर सोडणार, इंजिन जुनं झालं की जास्तच. विजेच्या गाडीला मात्र ग्रिड सुधारेल तशी घरबसल्या सुधारणा मिळते. तिच्या मालकाने काही न करताही तिचा आकडा दरवर्षी थोडा खाली येऊ शकतो. इथेनॉलचं म्हणाल, तर २० टक्के मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे आणि त्याने कागदावरचा कार्बन कमी होतो. पण उसाला लागणारं पाणी आणि घटलेलं ॲव्हरेज त्या कागदावर लिहिलेलं नसतं. त्यात मी इथे शिरत नाही, तो मराठवाड्याच्या पाण्याचा वेगळा लेख होईल. पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरीची जोड असलेल्या हायब्रिड गाडीचा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. लिटरला २२ किलोमीटर देणारी हायब्रिड किलोमीटरमागे १२५ ग्रॅमवर बसते, म्हणजे आजच्या सरासरी ग्रिडवरच्या विजेच्या गाडीपेक्षाही थोडी सरस. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, त्यामागे हाच हिशेब पुढे केला जातो. पण हायब्रिड १२५ वर येऊन थांबते. विजेची गाडी पंधरापर्यंत जाऊ शकते, अट एवढीच की ती दुपारी भरली जावी.

आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. गाडी दुपारी असते कुठे?

१ जुलै २०२५ पासून महावितरणने टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वीज मोजणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू केली. तत्त्व उत्तम आहे: सूर्याची वीज मुबलक तेव्हा ती स्वस्त. पण नोकरदाराची गाडी त्या वेळी घरच्या मीटरपाशी नसते. ती हिंजवडीच्या बेसमेंटमध्ये, चाकणच्या कंपनीच्या शेडखाली, वांद्र्याच्या सरकारी आवारात, नाहीतर स्टेशनजवळच्या पे अँड पार्कमध्ये उन्हात तापत उभी असते. आठ-नऊ तास. तिच्या डोक्यावर सूर्य आणि आसपास एकही प्लग नाही. संध्याकाळी ती घरी येते, सूर्याचा दर संपलेला असतो, आणि मग ती चार्जिंगला लागते. सवलत एका ठिकाणी, गाडी दुसऱ्या ठिकाणी. त्यात टीओडी मीटर म्हणजे स्मार्ट मीटर, आणि त्यांच्याविरुद्ध राज्यभर एवढा गदारोळ झालाय, की दिवसाच्या सवलतीचं कुणी धड समजावूनही सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की गाडी विकत घेण्यावरची उधळण आवरावी आणि तो पैसा दिवसा जिथे गाड्या उभ्या असतात तिथे प्लग बसवायला वापरावा. यासाठी फार अवघड तंत्र लागत नाही. गाडी आठ तास उभी राहणार असेल तर तिला महागडा फास्ट चार्जर कशाला? साधा तीन किलोवॉटचा पॉइंट पुरतो. पाच तासांत पंधरा युनिट भरली, की घर-ऑफिसचे दोन-तीन दिवस निघतात. नव्या आयटी पार्कला, एमआयडीसीतल्या कंपनीला, कॉलेजला, जिल्हाधिकारी कार्यालयाला पार्किंगच्या ठरावीक हिश्श्यात असे पॉइंट सक्तीचे करा. रेल्वे आणि मेट्रो स्टेशनांच्या पार्किंगला आधी. आणि दर असा ठेवा, की दुपारी एकला आणि रात्री नऊला भरलेल्या विजेतला फरक खिशाला जाणवेल. ऐंशी पैशांसाठी कुणी सवय बदलत नाही. तीन-चार रुपयांसाठी बदलेल.

हे राज्याला जमणार नाही असंही नाही, कारण शेतीच्या बाबतीत तेच चाललंय. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला रात्रीची वीज दिली. थंडीत, विंचू-काट्याच्या अंधारात मोटर चालू करायला जावं लागायचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर केंद्र उभारून शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे शेतपंपांना वीज देणारी वाहिनी, दिवसा चालवायचं ठरलं. योजना २०१७ ची, २०२३ नंतर तिने हजारो मेगावॉटचा वेग घेतला. म्हणजे राज्यातला विजेचा एक मोठा भार उचलून रात्रीतून दिवसात आणून ठेवायचं काम सुरू आहे. जो नियम ज्वारी-कांद्याच्या पंपाला, तोच वीस लाखांच्या गाडीला लावताना एवढी भीड कशाची?

साठवणुकीचा मार्ग आहेच: दुपारची वीज पाणी वर चढवण्यात घालवायची आणि रात्री ते खाली सोडायचं. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प चालू आहे आणि सह्याद्रीत आणखी कितीतरी प्रस्तावित आहेत. ते लागतील. पण प्रत्येक जलाशयाखाली घाटातलं जंगल जातं आणि वर-खाली करण्यात पाच युनिटमागे जवळजवळ एक युनिट खर्ची पडतं. ज्या गाडीत स्वतःची बॅटरी आहे, जी दिवसा रिकामी उभी आहे, ती सूर्यास्तानंतर भरायची आणि तिच्यासाठी डोंगरात तळं खोदायचं, याला नियोजन म्हणत नाहीत.

आता गाडीच्या आकाराबद्दल. लोकांना हा मुद्दा आवडत नाही, पण सर्वांत मोठा फरक त्यातच आहे. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला ६० ग्रॅम. विजेची स्कूटर एका युनिटवर तीस-पस्तीस किलोमीटर जाते. ग्रिडच्या सरासरीवर ती २७ ग्रॅमला पडते आणि निव्वळ कोळशावरही ४० ग्रॅमच्या आत राहते. म्हणजे स्कूटर रात्री बाराला चार्ज केली तरी फायदाच. पुण्यात आकुर्डीत बनणारी चेतक असो की आणखी कुठली, दुचाकीला वेळेचं बंधनही घालू नका, खुशाल अनुदान द्या. रिक्षाचं तेच. बसचा हिशेब तर प्रवाशामागे करायचा असतो. पीएमपीच्या भेकराईनगर आगारातून २०१९ पासून विजेच्या बस धावतात. त्या बहुतांशी रात्रीच चार्ज होतात, तरी चाळीस माणसं बसल्यावर माणशी आकडा कुठल्याही मोटारीच्या कितीतरी खाली असतो. दुपारच्या रिकाम्या फेऱ्यांच्या वेळात आगारात थोडं चार्जिंग सरकवता आलं तर आणखी चांगलं.

दुसऱ्या टोकाला ७०-८० युनिटच्या बॅटरीच्या, दोन टनांहून जड गाड्या. बॅटरीचंच कर्ज सहा टनांचं. रात्रीच्या ग्रिडवर अशी गाडी किलोमीटरमागे १६० ते २२० ग्रॅमच्या दरम्यान बसते. लिटरला वीस देणारी साधी पेट्रोल हॅचबॅक १४० वर असते. ती जड विजेची गाडी तिच्याच आकाराच्या डिझेल एसयूव्हीपेक्षा नक्कीच बरी, पण अटल सेतूवर ती फुकट जाते आणि हॅचबॅकवाला अडीचशे रुपये मोजतो, कशासाठी? हवेसाठी म्हणाल तर आकडे तसं सांगत नाहीत. उद्योगाला चालना म्हणून असेल, तर तसं स्पष्ट म्हणावं आणि पर्यावरणाचं नाव मध्ये घेऊ नये. टोलमाफीला बॅटरीच्या आकाराची मर्यादा घालणं हे एका शासन निर्णयाचं काम आहे.

छतावर सौर पॅनेल असणारे आता पुढे येतील: आमची गाडी तर शंभर टक्के सूर्यावर! नेट मीटरिंगमध्ये (छतावरून ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत) बिल शून्य आलं म्हणजे गाडी सूर्यावर चालली, असं सरळ होत नाही. दुपारी तुमच्या छपरावरून ग्रिडला गेलेल्या विजेने तेव्हा कुठेतरी कोळसा वाचवला, त्याचं श्रेय पूर्ण तुमचं. पण ते श्रेय पॅनेलचं आहे. गाडी नसती तरी ती वीज ग्रिडला गेलीच असती. रात्री गाडी लावल्यावर जळला तो कोळसा मात्र गाडीचा. रविवारी दुपारी पार्किंगमध्येच गाडी लावलीत, तर दोन्हींचा मेळ बसतो. मुंबईत जादा पैसे देऊन घ्यायच्या हरित विजेचंही तसंच. वर्षाअखेरीस हिशेब जुळतो, पण रात्री दहा वाजताच्या भट्टीला त्या प्रमाणपत्राची खबर नसते. अशा योजनांनी नवी केंद्रं उभी राहायला मदत होते, त्या चालाव्यात. फक्त त्या घेतल्या म्हणून घड्याळाकडे बघायचं सोडू नये.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवताना सूचना-हरकती मागवतो, सुनावण्या घेतो. तिथे पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्था आणि उद्योगांच्या संघटना जातात, क्वचित एखादा चिवट ज्येष्ठ नागरिक. गाड्यांच्या मालकांच्या वतीने बोलायला कुणी नसतं, आणि चंद्रपूरच्या गच्च्यांच्या वतीनेही सहसा नसतं. पुढच्या दरनिश्चितीत या दोघांचीही मागणी एकच असू शकते: मीटर घराचा असो, ऑफिसचा असो की स्टेशनच्या पार्किंगचा, गाडीच्या चार्जिंगला दुपारी ठळक सवलत आणि संध्याकाळी सहा ते रात्री बारा ठळक अधिभार, त्या अधिभाराचा पैसा कोळशाच्या केंद्रांवर गंधक धुणारी यंत्रणा बसवायला. हरकत नोंदवायला वकील लागत नाही, लेखी अर्ज पुरतो.